वारं बघणारा आबा

आबाला मी तोंडावर ‘तुम्ही’ म्हणायचो आणि मनात ‘तो’. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय, तरी हाताखाली मनातलाच शब्द येतो. येऊ दे. खोटा मान देण्यापेक्षा ते बरं.

बारामतीत इंदापूर रस्त्याला अण्णांचं गॅरेज होतं. तिथं मी इंजिनचं काम बघायचो. आयटीआय पहिल्या वर्गात पास झालेला, पुण्यात दोन वर्षं काढून आलेला, इंग्रजी मॅन्युअल वाचता येणारा आख्ख्या गॅरेजात मी एकटा. आणि गॅरेजच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची शेड होती, तिथं आबा रेडिएटर दुरुस्त करायचा. चौथी शिकलेला. घरची पूर्वी मेंढरं. लहानपणी बापाच्या मागं कळपाबरोबर कोकणापर्यंत चालत गेलेला. मेंढरं विकली, शेती आली, शेतीत पाच भाऊ मावेनात म्हणून हा झाळकामात, कथलानं डाग देऊन गळती बुजवायच्या धंद्यात, शिरला. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. अंगानं काटकुळा, डोक्याला उन्हाळ्यातही लोकरीचा मफलर.

गाड्यांवर पोट असलेल्या या माणसाला गाडी लागायची. यष्टीत बसला की पहिल्या दोन मैलांत खिडकीतून डोकं बाहेर. म्हणून तो कुठंही सायकलनं जायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, “आबा, चला की, एक चक्कर मारून बघा गाडी तापती का.” तो म्हणायचा, “तुमी या चक्कर मारून. म्या हितंच हाय.” गाडी परत आली की इंजिनाला हात न लावता तो अर्धा तास नुसता बसून राहायचा. ड्रायव्हर घाई करायला लागला की म्हणायचा, “आधी गार व्हा. तुमीबी आन् गाडीबी.”

आणि ड्रायव्हर बसायचे! मी बोलावलं तर ज्यांना पाच मिनिटं थांबायला वेळ नसायचा, ते ट्रकवाले त्याच्या शेडसमोर उकिडवे बसून त्याचं बोलणं ऐकत राहायचे. माझे वडीलही त्यातलेच. ते साखर कारखान्यावर पिकअप चालवायचे. ड्युटी सुटली की येताना माझ्या गॅरेजच्या दारावरून पुढं जायचे आणि आबाच्या शेडमध्ये जाऊन बसायचे. मी एखादं इंजिन उघडून, पुन्हा बांधून, घड्याळासारखं चालू केलेलं असायचं. ते बघायला वडील कधी आत आले नाहीत. रात्री जेवताना मात्र, “आबा आज काय म्हनला माहितीय का?” ही सुरुवात ठरलेली.

रेडिएटरची वरची टाकी उघडली की आत पांढरा थर साठलेला असतो. आबा तो नखानं खरवडायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, थुंकायचा आणि सांगायचा, “लासुर्ण्याची गाडी.” किंवा, “ही वरल्या अंगाची, पाणी गोडं हाय.” लोक माना डोलवायचे. मला वाटायचं, हे थोतांड आहे. गाडीवरची धूळ, ड्रायव्हरची बोली, यावरून तो ताडत असणार. म्हणून एकदा मी एका जीपचा रेडिएटर काढून, पुसूनबिसून, नुसता तेवढाच त्याच्यापुढं नेऊन ठेवला. त्यानं थर चाखला. पुन्हा चाखला.

“दोन पाणी हायती ह्यात. खालचा थर गोड्या पान्याचा, वरचा मचूळ. गाडी इकली का कुनी?”

जीप पिंपळीच्या माणसानं आदल्या वर्षी लासुर्ण्यात विकली होती. ते मला ठाऊक होतं.

“नाही,” मी म्हणालो. “पहिल्यापासून एकच मालक.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. “आसंल,” म्हणाला आणि कामाला लागला. संध्याकाळी जीपचा ड्रायव्हर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “पिंपळीवाल्यानं गाडी चांगली ठेवली व्हती, आमच्याकडं आली आन् तापाया लागली.” आबा मान खाली घालून कथील वितळवत होता. त्यानं मान वर केली असती, मला एक टोमणा मारला असता, तर मला हलकं वाटलं असतं. त्यानं केली नाही. मला तो ‘आयटीआय’ म्हणायचा, “ए आयटीआय, चा पितो का?” त्यातही चेष्टा नसायची. मी पुष्कळ शोधली.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत ती गाडी आली.

लासुर्ण्याच्या एका बागाईतदाराचा मुलगा पुण्यात शिकत असताना मोटार शर्यतींच्या नादाला लागला होता. त्याला सगळे दादा म्हणायचे. त्यानं एक जुनी मोटार घेतली आणि मुंबईच्या भंगार बाजारातून एक जपानी इंजिन आणलं. मूळ इंजिनाच्या दुप्पट ताकदीचं. ते इंजिन त्या गाडीत मी बसवलं. चार महिने लागले. इंजिन बसतं तो पाया कापला, पुन्हा जोडला, गिअरबॉक्ससाठी जागा केली, एकेक वायर नव्यानं ओढली. गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना भेळ दिली. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “ही शर्यतीत नीट पळाली ना, तर इंदापूरला हायवेवर आपण गॅरेज टाकू. चालवायचं तुम्ही.”

पण गाडी तापायची. जाग्यावर तासभर चालू ठेवा, काटा हलायचा नाही. रस्त्यावर घेऊन जोरात पळवली की सहा-सात मैलांत काटा लाल रेघेवर आणि बॉनेटखालून वाफ. मी मॅन्युअलं चाळली. मूळ रेडिएटर काढून ट्रकचा जाडजूड बसवला. इंजिनवरचा पंखा काढून त्याच्या जागी, रेडिएटरच्या मागं, शेजारी शेजारी दोन विजेचे पंखे लावले. पुण्याहून महागातलं कूलंट आणलं. आता काटा आठव्या मैलाला लाल व्हायचा. शर्यत पाच आठवड्यांवर आली होती.

आबा हे सगळं बघत होता. भिंत एकच होती, न बघून काय करेल? पण बोलावल्याशिवाय यायचं नाही ही त्याची रीत. आणि मी बोलावणार नव्हतो. शेवटी अण्णांनीच हाक मारली.

तो आला. इंजिनाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. माझे चार महिने त्या इंजिनात होते, त्यावरून त्याची नजर घसरून गेली. तो गाडीच्या तोंडासमोर उकिडवा बसला आणि रेडिएटरच्या चारी बाजूंनी बोटं घालून बघायला लागला.

“आयटीआय, वारं कुठनं जातं रं ह्यात?”

“समोरून. जाळीतून. दुसरीकडून कुठून जाणार?”

“तू बघितलंस?”

“वारं काय बघायचं असतं, आबा?”

तो शेडमध्ये गेला आणि कच्च्या लोकरीचा एक गुंडा घेऊन आला. त्याच्या घरी उरलेल्या चार-दोन मेंढरांची अजून घोंगड्यांपुरती लोकर काढायचे. त्यानं वीतभर लांबीचे धागे तोडले आणि गाडीच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीवर, कडांना, बॉनेटच्या काठावर, असे पन्नास-साठ धागे चिकटवले. गाडीला दाढी आल्यासारखं दिसायला लागलं. गॅरेजातली माणसं हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

“आता ही पळताना समोरनं बघाया पायजे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही पिंपळीच्या पुढं रस्त्यावर उभे होतो. पुढं वडिलांची पिकअप, मागं ती मोटार. मी हट्ट धरला की पहिल्यांदा मी बघणार. अण्णा मोटार चालवायला बसले, मी पिकअपच्या मागच्या हौद्यात मागं तोंड करून बसलो आणि वडिलांनी गाडी सोडली. चार-पाच मैल मी डोळे फाडून बघत होतो. मला लोकर दिसत होती. हलणारी लोकर. त्यापलीकडं काही नाही.

“काय दिसलं?” आम्ही वळून परत आल्यावर, रस्त्याकडेला सायकल लावून थांबलेल्या आबानं विचारलं.

“आहे, वारं आहे भरपूर,” मी म्हणालो.

मग तो चढला. वडील म्हणाले, “आबा, तुमाला सोसायचं न्हाय.” त्यानं डोक्याचा मफलर सोडला, त्याच मफलरनं स्वतःला हौद्याच्या दांडीला बांधून घेतलं आणि म्हणाला, “थांबवायचं न्हाय. म्या म्हनलो तरी थांबवायचं न्हाय.”

अण्णा वडिलांशेजारी बसले आणि आता मोटार मी चालवत होतो, त्यामुळं सगळं मला समोर दिसलं. दुसऱ्याच मैलाला त्याला उलटी झाली. बाजूला वाकून ओकला, तोंड पुसलं आणि पुन्हा डोळे गाडीच्या तोंडावर. पुन्हा ओकला. चेहरा राखेसारखा झालेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण पापणी लवत नाही. हातानं मला खुणा करत होता. जवळ ये, लांब जा, अजून जोरात. लासुर्ण्यापर्यंत तो असाच आला. त्याच्यापासून पंधरा हातांवर मी आरामात स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि माझ्या मनात काय होतं ते सांगतो. मला वाटत होतं, याला काही दिसू नये.

लासुर्ण्याच्या फाट्यावर तो रस्त्याकडेला आडवा झाला. वडिलांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं उठून बसला आणि मला जवळ बोलावलं. अण्णा आणि वडील चहाच्या टपरीकडं जाईपर्यंत गप्प राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “डाव्या अंगाचं धागं भायेर येत्यात रं. तुजा डावा पंखा उलटा फिरतोय. वायरी बदल.”

माझे कान तापले. दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. एक पंखा वारं आत ओढत होता आणि दुसरा तेच बाहेर ढकलत होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं करू नये अशी चूक. आणि ती त्यानं चारचौघांत सांगितली नाही, हे त्याहून वाईट. मला त्याचे उपकार नको होते.

“आन् दुसरं,” तो म्हणाला, आता मोठ्यानं, कारण चहा आला होता, “मदलं धागं मेल्यावानी पडून हायती. कडंचं मातर आत पळत्यात. म्हंजी वारं जाळीतनं जातच न्हाय, बाजूनं पळून जातंय. ही ट्रकाची जाळी लई जाड. वाऱ्याला कडंची वाट सोपी घावली, ते कशाला जाळीत शिरंल?”

पुढचे बारा दिवस आम्ही दोघांनी काम केलं. ट्रकचा रेडिएटर निघाला. आबानं तांब्याच्या नळ्यांची नवी जाळी बांधली. जाडीला कमी, पण गाडीचं आख्खं तोंड भरेल एवढी रुंद आणि विरळ. एकेक नळी बघून, दिव्यापुढं धरून, डाग देऊन. त्याच्या हातातलं कथील पाण्यासारखं धावायचं आणि त्याला हवं तिथं थांबायचं. मी तसं करून बघितलं, एकटा असताना. माझ्या हातून गोळे झाले. मी पत्रे कापले, रेडिएटरच्या चारी कडा बंद केल्या, पंख्यांभोवती पत्र्याचं कडं केलं, बंपरखाली एक आडवा पत्रा बसवला. कुठं किती, ते तो सांगायचा. मधे एकदा पुन्हा लोकर लावून, पुन्हा ओकून आला. “आता मदलं उठलं,” एवढंच म्हणाला.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सायकल काढून कऱ्हाटीला गेला. तिथं त्याची शेती होती, भावाच्या मुलीचं लग्न होतं. अण्णा सुट्या भागांसाठी पुण्याला गेले होते. आणि नेमका दादा आला.

दादानं गाडी घेतली आणि मला शेजारी बसवलं. इंदापूरपर्यंत त्यानं ती अशी पळवली की बोलायची सोय नव्हती. भर दुपार होती. काटा मधोमध उभा राहिला तो हललाच नाही. इंदापुरात गाडी थांबवून त्यानं बॉनेट उघडलं, पत्रे बघितले, नवी जाळी बघितली.

“ही कुणाची आयडिया?”

दोन-तीन क्षण गेले असतील. मला चांगलं आठवतंय, मी विचार करून बोललो. रागाच्या भरात निसटलं असं नाही.

“माझी,” मी म्हणालो. “लोकरीचे धागे लावून वारं तपासलं. जाळी तेवढी आबांकडून झाळून घेतली.”

दादानं मला मिठी मारली.

शर्यत पुण्याच्या पलीकडं एका मोकळ्या धावपट्टीवर होती. ऊन असं की तीन गाड्या पहिल्याच फेरीत वाफ सोडत बाजूला झाल्या. आमची गाडी तिसरी आली. बारामतीच्या एका पेपरात चार ओळी छापून आल्या, त्यात माझं नाव होतं. वडिलांनी त्या ओळी वाचल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“ह्यात आबा कुठंय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “पेपरवाले काय, अर्धंच छापतात.”

पिकअप त्यांनीच चालवली होती. त्यांनी पेपर घडी करून कोनाड्यात ठेवला आणि त्या विषयावर माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. पण आबाच्या शेडमध्ये जाणंही त्यांनी सोडलं. त्यांना त्याच्यापुढं बसायची लाज वाटत होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला उलट बरं वाटलं होतं.

दादानं शब्द पाळला. महिन्याभरात मी इंदापूरला हायवेवर गेलो. निघायच्या दिवशी आबा शेडमधून बाहेर आला. मी तयारीत होतो. त्यानं जाब विचारला असता तर काय उत्तर द्यायचं ते घोकून ठेवलं होतं. त्यानं विचारलं, “खालच्या पत्र्याच्या कडंला रबर लावलंस न्हवं? न्हायतर खडखडंल.”

“लावलं,” मी म्हणालो. ते तरी खरं होतं.

इंदापूरला सुरुवातीला गर्दी झाली. सोलापूर, फलटण, कुठून कुठून हौशी पोरं गाड्या घेऊन यायची. मोठी इंजिनं, तापणारी तोंडं. मी सगळ्यांसमोर ऐटीत लोकरीचे धागे लावायचो, माणसाला गाडी चालवायला सांगायचो आणि हौद्यात बसून बघायचो. मला गाडी लागत नाही. मी खुशाल बसून, डोळे ताणून, मैलोन् मैल बघत राहायचो. लोकर हलायची. कधी माझा अंदाज बरोबर यायचा, बहुतेकदा यायचा नाही. दुसऱ्या वर्षापासून दादाचा शर्यतीचा नाद ओसरला आणि मी ट्रकांच्या स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेक, असलं काम घ्यायला लागलो.

तोवर बाजारात नव्या तऱ्हेचे रेडिएटर आले होते. ॲल्युमिनियमची जाळी, प्लॅस्टिकच्या टाक्या. फुटला की फेका. त्यांना डाग देता येत नाही. आबानं शेड बंद केल्याचं मी ऐकलं. आणि ऐकून मला आनंद झाला, हेही लिहून टाकतो.

तीन वर्षांनी मी कऱ्हाटीला गेलो. कबुली द्यायला गेलो असं म्हणायला बरं वाटतं, पण तसं नव्हतं. माझ्याकडं एका बड्या गिऱ्हाइकाची गाडी दीड महिना उभी होती, काही केल्या थंड राहत नव्हती, आणि मला त्याचे डोळे हवे होते.

तो रानात घरापुढं बाजेवर बसला होता. पाच-सहा मेंढरं होती बांधलेली. मला बघून उठला. “आयटीआय! अगं ए, भायेर ये, बघ कोन आलंय!” त्याची बायको पदर सावरत आली. “हे बारामतीचं मिस्त्री. ती शर्यतीची गाडी ह्येनं गार केली. म्या सांगत न्हवतो तुला?”

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. पुन्हा एकदा टोमणा शोधला. नव्हता. बाई माझ्याकडं कौतुकानं बघत होती, आणि मला एकाएकी ते सहन होईना.

“वहिनी, मी नाही,” मी म्हणालो. “यांनी केली. सगळी यांनीच. मी लोकांना खोटं सांगितलं, माझी म्हणून. त्यावर गॅरेज मिळवलं.”

आबा गोंधळला. खरोखर गोंधळला. “काय बोलतोस लेका? इंजिन तू बशिवलंस, पत्रं तू कापलं, गाडी तू पळिवलीस. म्या काय केलं? म्या निस्तं बघितलं.”

मीही बघितलं होतं. त्याच सकाळी, त्याच हौद्यात, त्याच्या आधी.

चहा झाला. मग त्यानं मान पुढं केली आणि जरा दबकत, लहान पोरासारखं विचारलं, “आयटीआय, तिथं, शर्यतीत... तापली का रं ती?”

तीन वर्षं त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी तिसरी आली एवढं अण्णांनी सांगितलं असेल, पण काट्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. दादा त्याच्याकडं गेला नव्हता, वडील लाजेनं गेले नव्हते, आणि मी तर नाहीच.

“नाही,” मी म्हणालो. “तीन गाड्या उकळल्या. आपला काटा शेवटपर्यंत मधे होता.”

“मदे?”

“अगदी मधे.”

तो मागं टेकला, गुडघ्यावरून हात फिरवत राहिला आणि त्याचा सगळा चेहरा हळूहळू सैल झाला, डोळे भरून आले. शर्यतीच्या दिवशी माझ्या गळ्यात हार होता, पेपरात माझं नाव होतं, आणि त्यातल्या कशानंही माझं तोंड तसं झालं नव्हतं. मी त्याच्याकडं बघत बसलो. मला त्या क्षणीही हेवाच वाटत होता.

इंदापूरच्या गाडीचं त्याला विचारायचं होतं, ते विचारवलं नाही. वहिनींचा निरोप घेऊन मोटरसायकलला किक मारली. दुसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाइकाला फोन केला आणि सांगितलं, गाडी घेऊन जा, मला जमत नाही.